खोक्यातल्या केक मिक्सच्या बिनदुधाच्या कुकीज : सांगलीतल्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

माझी भाची, दादाची मुलगी, साडेसहा वर्षांची आहे. साताऱ्यात राहते. तिला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. डॉक्टरांनी दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा सगळं बंद ठेवलंय. सातारा तर कंदी पेढ्यांचं गाव. कुणाकडे काही चांगलं घडलं की पेढ्यांचा बॉक्स उघडतो, आणि ही पोर हात मागे बांधून उभी राहते. समोर काहीही आलं तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आत्या, ह्यात दूध नाही ना?" राखीला, ९ ऑगस्टला, ते सगळे सांगलीला येणार आहेत. तोवर तिच्यासाठी कुकीजचा एक डबा भरायचा आहे.

घरी सगळं मोजून-मापूनही करता आलं असतं. पण मला वहिनीला जमेल असं काहीतरी हवं आहे. ती सकाळी नोकरीला जाते, संध्याकाळी सहाला घरात पाऊल टाकते. तिला मैदा, कोको, साखर, सोडा वेगवेगळं मोजत बसणं शक्य नाही. खोकं फोडलं, त्यात घरातल्याच दोन-तीन गोष्टी घातल्या आणि भाजलं, इतपत सोपं झालं तरच ती करेल. म्हणून केक मिक्स. ह्या नोंदी तिच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे त्या सगळ्यांसाठी.

१९ जुलै २०२५

विश्रामबागेतून चॉकलेट केक मिक्सचं खोकं आणलं. २५० ग्रॅम, १२० रुपये. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'एगलेस', कोपऱ्यात हिरवा ठिपका. घरी येऊन चष्मा लावून मागची बाजू वाचली, तर घटकांमध्ये 'मिल्क सॉलिड्स' आणि खाली ठळक अक्षरात गहू, दूध, सोया.

चूक माझी आहे. श्रावण तोंडावर आलाय, आमच्याकडे श्रावणात अंडं घरात येत नाही, त्यामुळे दुकानात उभी असताना डोक्यात फक्त अंडंच होतं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि दूध आपल्याकडे शाकाहारातच धरतात. तो ठिपका दुधाबद्दल काहीच सांगत नाही.

मागची बाजू वाचताना कोणते शब्द शोधायचे ते वहिनीनं फोनवर लिहून घ्यायला लावले. तिला ते पाठ आहेत : मिल्क सॉलिड्स, मिल्क पावडर, व्हे, केसिन, केसिनेट, लॅक्टोज, बटर, तूप. 'नॉन-डेअरी' असं छापलेल्या काही पावडरींमध्येही सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातलंच प्रथिन आहे. हे मला माहीत नव्हतं. खोकं शेजारच्या काकूंना देऊन टाकलं.

२३ जुलै

ऑनलाइन मागवलेली व्हीगन केक मिक्सची ३ खोकी आली. प्रत्येकी ४०० ग्रॅम, २८० रुपये, म्हणजे ८४० आणि वर ६० रुपये पोचवणावळ. खोक्यावर हिरवं इंग्रजी व्ही अक्षर आहे, त्याला पान फुटलेलं. व्हीगन पदार्थांसाठी आपल्याकडे २०२२ मध्ये नियम आले, त्यातलं हे चिन्ह. तरीही मागची बाजू दोनदा वाचली : मैदा, साखर, कोको, स्टार्च, फुगवण्याचे पदार्थ, मीठ, व्हॅनिलाचा वास.

इथं एक गोष्ट आवर्जून लिहिते. 'व्हीगन' म्हणजे त्यात दूध घातलेलं नाही. पण ज्या कारखान्यात तो पदार्थ तयार झाला, तिथं शेजारच्याच यंत्रावर दुधाची बिस्किटं निघत असतील तर अंश येऊ शकतो. 'दुधाचा अंश असू शकतो' अशी ओळ कुठं आहे का तेही पाहायचं. दूध फक्त तत्त्वासाठी सोडलेल्या माणसाला त्या ओळीनं फरक पडत नाही, अ‍ॅलर्जीच्या मुलाला पडतो. माझ्या खोक्यावर ती ओळ नाही.

वहिनीला शेंगदाण्याचं विचारलं. "चालतात की, रोज चटणी खाते ती." बरं झालं. सांगलीच्या घरात दाण्याचा कूट नाही असं होत नाही.

मग भांडी. ओटीजीच्या, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनच्या, ट्रेवर मी बटर लावून पाव भाजत आलेय. ट्रे आणि जाळी गरम पाण्यात साबण घालून दोनदा घासली. चाळणी नवी घेतली नाही, पण जिच्यातून दुधाची पावडर चाळली होती ती बाजूला ठेवली. सासूबाई लोणी काढतात तो मोठा वाडगाही बाजूला. ह्या कामासाठी एक स्टीलचं पातेलं, एक लाकडी चमचा आणि मिक्सरचं छोटं भांडं वेगळं काढलं आणि घरात सगळ्यांना सांगून टाकलं. सासूबाईंनी त्या पातेल्याला लाल दोरा बांधला, म्हणजे चुकून कुणी त्यात दूध तापवायला घेणार नाही.

२४ जुलै : पहिला घाणा

खोक्यावर केकचं माप आहे : ४०० ग्रॅमला २४० मिली पाणी आणि ६० मिली तेल. मी अर्धं मिक्स, २०० ग्रॅम, घेतलं. पाणी निम्मं केलं की पीठ घट्ट होईल आणि कुकीज होतील असा माझा हिशेब. ६० मिली पाणी, ३० मिली सूर्यफुलाचं तेल. ओटीजीचा काटा १८० वर, १२ मिनिटं.

बाहेर आले ते छोटे छोटे केक. वर घुमट, आत स्पंज, इडलीसारखे मऊ. चव वाईट नव्हती, पण ह्यांना कुकी म्हणता येणार नाही, आणि संध्याकाळपर्यंत रबरासारखे झाले.

कारण नंतर लक्षात आलं. मिक्समध्ये फुगवण्याचा माल केकच्या पातळ पिठासाठी मोजून घातलेला असतो. पाणी मिळालं की तो आपलं काम करणारच. कुकीसाठी पाणी निम्म्यावर आणून भागत नाही. आणखी कमी करायचं, आणि पीठ धरून ठेवायचं काम तेलानं करायचं.

२६ जुलै : दुसरा घाणा

उरलेल्या अर्ध्या पिशवीचं तोंड मी नुसतं दुमडून ठेवलं होतं. दोन दिवसांच्या पावसाळी हवेत मिक्सच्या गाठी झाल्या. चाळून घ्यावं लागलं. पिशवी उघडली की उरलेलं मिक्स लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात ओता.

ह्या वेळी दुसऱ्या टोकाला गेले. २०० ग्रॅमला ८० मिली तेल आणि फक्त १ मोठा चमचा पाणी. पीठ हाताला तुपकट, गोळे मात्र सुरेख वळले. ओटीजीत सहाव्या मिनिटाला सगळे गोळे पसरून एकमेकांना चिकटले आणि ट्रेभर एकच पातळ पापडी झाली. कडा करपल्या, मध्यभाग तेलात भिजलेला. फेकून दिलं. २०० ग्रॅम मिक्स आणि दीड तास गेला. सासूबाई म्हणाल्या, "तेल सुटलंय म्हणजे पिठाला धरायला काही नाही." त्यांनी हे शंकरपाळ्यांवरून सांगितलं, पण मुद्दा नेमका तोच होता. अंड्यानं जे धरलं असतं ते धरायला काहीतरी हवं.

२९ जुलै

नागपंचमी. आमच्याकडे आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. ओटीजीही बंद ठेवला. जवस निवडून ठेवला.

३० जुलै

ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आला, ३८० रुपये. रिकामा ओटीजी १५ मिनिटं तापवला. काटा १८० वर, आत २०५! पुन्हा करून पाहिलं, तेच. काटा १५० वर आणला तेव्हा आत १६८ आलं. म्हणजे गेली चार वर्षं मी प्रत्येक गोष्ट १८ ते २५ अंश जास्त तापावर भाजत आलेय. दुसऱ्या घाण्याच्या कडा करपल्या त्यात तेलाइतकाच ह्याचाही वाटा असणार. सगळ्या प्रयोगात ह्या ३८० रुपयांचं मला सर्वात कमी वाईट वाटतं. तुमचा ओटीजी वेगळा असेल, त्यामुळे माझा १५० चा आकडा उचलू नका, आतलं तापमान बघा.

३१ जुलै : तिसरा घाणा

धरायला जवस. चटणीसाठी आणतो तोच. अंड्याऐवजी १ मोठा चमचा जवसाची पूड ३ चमचे पाण्यात भिजवतात. मी पाणी तोडायचं म्हणून २ चमचेच, ३० मिली, घेतलं. १० मिनिटांत बुळबुळीत झालं, चमच्याला तार धरायला लागलं. ही तार येईपर्यंत थांबायचंच.

२०० ग्रॅम मिक्स, ५० मिली तेल, जवसाचं हे मिश्रण. पाण्याऐवजी दाण्याचं दूध वापरून बघू म्हणून अर्धी वाटी दाणे भिजवून, वाटून, गाळूनही ठेवले होते. ३० मिलीत त्याची चव कुठं लागणार? अर्धा तास फुकट गेला. ते दूध आमटीत घातलं.

पीठ पहिल्यांदा कुकीच्या पिठासारखं दिसलं : मऊ, पण भांडं सोडणारं. सुपारीहून मोठे गोळे करून बोटांनी थोडे चपटे दाबले. आतलं तापमान १६८. आठव्या मिनिटाला लाइट गेली. अकरा मिनिटांनी आली. मी दार उघडलं नाही, आतल्या उष्णतेवर जे व्हायचं ते झालं. वरून तडा गेलेल्या, दिसायला अगदी कुकीसारख्या, पण खालून कोरड्या आणि आत ओलसर. लाइट गेली तर ट्रे तसाच आत ठेवू नका. तो बाहेर काढा, लाइट आल्यावर ओटीजी पुन्हा तापवून उरलेला वेळ भाजा. हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

दुसरी अडचण जवसाची. मी न भाजता, मिक्सरवर एकदाच फिरवला होता. दाताखाली अख्खे तुकडे येत होते आणि मागे कच्चट वास. चटणीला आपण भाजून घेतो तसंच इथंही करायला हवं होतं.

चॉकलेटच्या पिठात आणखी एक अडचण आहे. कुकी खरपूस झाली की नाही हे रंगावरून कळतच नाही, सगळंच तपकिरी. कडेला बोट लावून पाहायचं. कड घट्ट आणि मध्यभाग अजून मऊ असला की काढायची. ट्रेवर थंड होताना मध्यभाग बसतो. आतच घट्ट होण्याची वाट पाहिली तर थंड झाल्यावर दगड होतो.

२ ऑगस्ट : चौथा घाणा

आज घाणा दोन भागांत केला. एका भागात १०० ग्रॅम मिक्सला २५ ग्रॅम दाण्याचा बारीक कूट, दुसऱ्यात कुटाऐवजी २० ग्रॅम मैदा. बाकी सारखं : २५ मिली तेल, अर्धा चमचा भाजून बारीक केलेला जवस १ चमचा पाण्यात. दोन्ही पिठं झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली. पाऊस असला तरी सांगलीचं स्वयंपाकघर उबदारच. थंड पीठ ट्रेवर गेलं की आधी कड धरते, मग पसरते. आतलं तापमान १६८, ११ मिनिटं.

कुटाची जिंकली. वरून तडे, कडेला कुरकुरीत, आत चिवट-मऊ, आणि दाण्याचा भाजका वास चॉकलेटच्या पाठोपाठ येतो. मिक्सची गोडीही थोडी उतरते. नुसतं मिक्स मला फार गोड लागतं. मैद्याची उंच आणि साधी झाली, थोडी कोरडी, पण खाण्यासारखी. ज्यांच्याकडे शेंगदाणेही बंद आहेत त्यांनी ती करावी.

एका छोट्या गोळ्यात शेंगतेल घालून पाहिलं होतं. चटणीत जे हवंहवंसं वाटतं तेच व्हॅनिलाच्या वासाशी भांडतं. सूर्यफूलच ठेवा.

मग डब्यात भरल्या, आणि इथं घाई नडली. अजून कोमट होत्या. झाकणाला वाफ धरली आणि सकाळी सगळ्या मऊ पडल्या.

४ ऑगस्ट

मऊ पडलेल्या कुकीज १३० अंशांवर ५ मिनिटं ठेवल्या, बाहेर काढून तासभर जाळीवर पूर्ण गार केल्या. कडेचा कुरकुरीतपणा परत आला, आधीइतका नाही. लहानपणी मे महिन्यात मैदा, साखर, डालडा घेऊन आम्ही बेकरीच्या भट्टीवर नानकटाई करून आणायचो. तिथले काका पत्र्याच्या डब्यात भरायच्या आधी वर्तमानपत्रावर पसरून ठेवायला लावत आणि आम्हाला ती वाट पाहणं नको व्हायचं. ते का थांबवत होते ते आत्ता समजलं. पावसाळ्यात पूर्ण गार, मग घट्ट झाकणाचा डबा. चार दिवसांपुढे ठेवून मी पाहिलेल्या नाहीत.

गणपती पेठेतून पाव किलो बेदाणा आणला, ११० रुपये. तासगावचा, हिरवा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि माझ्या भाचीला तो मुठीनं खायला आवडतो, तेव्हा तो ह्यात हवाच. चॉकलेटचे तुकडे घालायचा विचार सोडला. दुकानात पाहिलेल्या चारही पाकिटांवर दूध होतं.

७ ऑगस्ट : शेवटचा मोठा घाणा

पूर्ण खोकं. माप इथं एकत्र लिहिते : ४०० ग्रॅम मिक्स, १०० ग्रॅम दाण्याचा कूट, १०० मिली सूर्यफुलाचं तेल, २ मोठे चमचे भाजून दळलेला जवस ६० मिली पाण्यात, ६० ग्रॅम बेदाणा. आधी मिक्स आणि कूट कोरडंच एकत्र करायचं, मग तेल चोळायचं, करंजीच्या पिठाला मोहन चोळतो तसं. जवस शेवटी. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. जास्त मळलं की मैदा चिवट होतो.

बेदाणा भिजवू नका, पीठ ओलं होतं. सुरीला तेल लावून दोन तुकडे करा आणि गोळा वळताना आत ढकला. पहिल्या ट्रेत वर राहिलेले बेदाणे फुगून काळे पडले आणि कडू लागले. दुसऱ्या ट्रेपासून आत घातले.

१८ ग्रॅमचा एक गोळा धरला, ४० झाल्या. तीन ट्रे, तापवण्यासकट सव्वा तास. पहिल्या ट्रेतल्या ३ घरात खपल्या, २ तुटल्या. सासूबाईंनी तुटलेली खाल्ली आणि डबा स्वतः पुसून दिला.

आतापर्यंतचा खर्च : पहिलं खोकं १२०, व्हीगन खोकी आणि पोचवणावळ ९००, थर्मामीटर ३८०, बटर पेपर ९०, बेदाणा ११०. एकूण १६००. तेल, दाणे, जवस घरचे. पण चुका वजा केल्या तर अर्ध्या खोक्याच्या घाण्याला साधारण १७० रुपये लागतात आणि २० कुकीज होतात. (बटर पेपरमध्ये बटर नसतं. वहिनीनं विचारलं होतं म्हणून लिहिलं, आणि तिनं विचारलं ते बरोबरच केलं.)

९ ऑगस्ट

राखी. कराडमार्गे दुपारी पोचले. भाचीला आधी खोकं दाखवलं, मागची बाजू वाचून दाखवली, लाल दोऱ्याचं पातेलं दाखवलं. मी स्वतः सांगेपर्यंत तिनं विचारायला नको, असं माझ्या मनात होतं. तरी तिनं विचारलंच, "दूध नाही ना?" मी म्हटलं, "नाही. तूप नाही, लोणी नाही, काही नाही." मग तिनं पहिली उचलली. वहिनी पुढचा तासभर तिच्याकडे लक्ष ठेवून होती, औषध पर्समध्ये होतंच. काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत चार खाल्ल्या. दादाला दोन मिळाल्या.

तिला बेदाणा असलेल्या जास्त आवडल्या. कडेचा कुरकुरीत भाग आधी कुरतडून मधला मऊ भाग शेवटी ठेवते.

१३ ऑगस्ट

वहिनीनं साताऱ्यात स्वतः केल्या. तिच्याकडे ओटीजी नाही. जाड बुडाच्या कुकरमध्ये तळाला दीड वाटी मीठ, वर स्टँड, त्यावर ताटली. झाकणाची शिट्टी आणि रिंग काढलेली. १० मिनिटं मध्यम आचेवर तापवला, मग गॅस बारीक. एका वेळी ६ बसतात. पहिल्या ६ खालून करपल्या, कारण ताटली फार खाली होती. तिनं स्टँडवर आणखी एक वाटी पालथी घालून ताटली वर उचलली, मग १६ मिनिटांत नीट झाल्या. वरून ओटीजीसारखे तडे येत नाहीत, चव तीच. संध्याकाळी सात ते साडेआठ, १८ कुकीज.

भाचीनं शाळेच्या डब्यात चार नेल्या आणि तीन मैत्रिणींना वाटल्या. वर्गात तिनं कुणाला काही वाटल्याची ही पहिली वेळ, असं वहिनी म्हणाली.

वहिनीनं पुढच्या घाण्याचे २० गोळे कच्चेच ताटलीत फ्रीझरला लावून ठेवलेत. ते दगड झाल्यावर डब्यात भरले. रविवारी त्यातले ६ थेट कुकरमध्ये टाकून पाहणार आहे. १६ ऐवजी १८-१९ मिनिटं लागतील असा आमचा दोघींचा अंदाज आहे. झालं की इथं लिहीन.